माळ्यावरचा नाताळ

१४ डिसेंबर २०१४, रविवार

औरंगपुऱ्यात गेले. घरी सांगितलं, रवा आणि ह्यांचे बनियन. दोन्ही आणले, म्हणजे खोटं बोलले नाही. पण त्याआधी तासभर चाचांच्या दुकानात. एरवी राख्या, पतंग, आकाशकंदील. डिसेंबर आला की आतल्या बाजूला नाताळची खोकी उघडतात. मी त्या खोक्यांपुढं उकिडवी बसते आणि मग मला कुणाची शुद्ध राहत नाही.

चाचा : "क्या मॅडम, इस बार भी इस्कूल के वास्ते?"

मी : "हौ चाचा. इस्कूल के वास्ते."

आमच्या शाळेत नाताळला फळ्यावर एक घंटा काढतात रंगीत खडूनं, बास. चाचांना वाटतं शाळाभर झुंबरं लागतात.

आजची लूट : पातळ काचेचे लाल गोळे. रुपेरी झिरमिळ्यांची माळ. भोकाभोकांचा मोठा तारा, आत दिवा सोडला की भिंतभर चांदण्या. आणि बर्फ! म्हणजे पिंजलेला कापूसच, वर चमकी. कापूस पिकवणाऱ्या घरातली सून कापूस विकत आणते, बर्फ म्हणून. वैजापूरला, सासरी कळलं तर हसून मरतील. किंवा हसणार नाहीत.

मेथीच्या जुडीखाली पिशवीत. हे टीव्हीपुढं. मान वर नाही.

२० डिसें., शनि.

शाळा सुटल्यावर साळवेबाईंबरोबर छावणीत. त्यांच्या चर्चच्या आवारात बायकांनी टेबलं मांडली होती. केक, लोणची, आणि एका कोपऱ्यात गव्हाणीचा संच. गाय, दोन मेंढरं, गवत, आणि बाळ. हात पसरलेलं, तळहाताएवढं. साच्यातून काढलेलं असेल, पण रंगवणाऱ्याचा हात हलका. ओठ असे की आत्ताच दूध पिऊन झालंय.

साळवेबाई म्हणाल्या, "घे की. इतकं बघतेस ते." शाळेत मी ज्यांच्याशी खरं बोलते अशा त्या एकट्याच. माझं हे वेड फक्त त्यांना माहीत. त्यांना गंमत वाटते. त्यांच्या घरी झाड असतं, तारा असतो, ते सगळं त्यांचं आहे. माझं काय आहे? देवाधर्माचं काही नाही. नुसती चमक. काचेचा गोळा हातात घेतला की पोटात गार वाटतं, एवढंच.

घेतला संच.

२१ डिसें., रवि.

हे वाळूजला, कंपनीत जादा पाळी. दार लावून सगळं नीट बांधलं. एकेक वस्तू ओटीच्या खणात गुंडाळते. खण ढिगानं पडलेत, कोण शिवणार त्यांचे ब्लाऊज. त्यातले बरेचसे अक्कांचे. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, वैजापूरजवळ शेतावर असतात. आमच्या महालक्ष्म्या त्यांच्याकडं, थोरल्या घरी. दरवर्षी भाद्रपदात आम्ही जातो, निघताना अक्का ओटीत खण घालतात. ठरलेला, हिरवा, काठाला मोर. अंगाला टोचतो. काचेला मात्र फार चांगला.

खोक्यावर मार्करनं ठळक लिहिलंय 'आरास'. ह्यांना गणपतीचं सामान वाटतं. माळ्यावर सगळ्यात मागं.

२५ डिसें., गुरु.

सुट्टी. हे मित्राकडं. मुलगा पुण्याला. दुपारी पलंगावर सगळं मांडलं. तारा पंख्याच्या कडीला. पडदे ओढले, दिवा लावला. भिंतीवर चांदण्या. मी मधे बसले, गाउनवर. कुणी पाहिलं असतं तर डॉक्टरकडं नेलं असतं.

मग जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि मी चोरासारखी सगळं गोळा केलं. आमच्याकडं नव्हतंच कुणी आलं. एक गोळा फुटला त्या घाईत. केर खालच्या मजल्यावरच्या डब्यात टाकला!! ही माझी लायकी.

९ एप्रिल २०१५

आई (सासूबाई) कालपासून इथंच राहायला. गावात टँकर येतो तो पण भांडणं लावून जातो. अक्का म्हणाल्या फोनवर, "आत्याबाईला तिकडंच ऱ्हाऊ दे, मंजू. हितं त्यांच्यानं घागर उचलत नाय." स्वतःचं काही नाही बोलल्या.

समोर नवी इमारत उठतेय. स्लॅबवर दिवसभर पाइपानं पाणी मारतात. आई गॅलरीत बसून ते पाणी बघत होत्या. "एवढ्या पाण्यात आपला कांदा निघला असता," म्हणाल्या. मी आत निघून आले.

आईंचा पलंग नेमका माळ्याखाली.

११ जुलै, शनि.

लाज वाटते लिहायला. लिहिते.

सकाळी अक्कांचा फोन. दुसऱ्यांदा पेरलं तेही गेलं. "ढेकळं वर आली, मंजू. सरकी तशीच दिसती मातीत." मी म्हटलं, "होईल, येईल पाऊस." दुसरं काय बोलणार.

दुपारी औरंगपुऱ्यात फक्त औषध आणायला. चाचांनी हाक मारली. गोदाम रिकामं करत होते, मागच्या सालचा माल खाली काढलेला. सोनेरी घंटा! निळे गोळे, जे मी दोन वर्षं शोधतेय! आणि मी बसले की हो खाली उकिडवी. अर्धा तास. अक्कांचा आवाज कानातून पार गेला. घरी येऊन औषधाची पिशवी आईंना दिली, दुसरी पाठीमागं लपवून बाथरूममध्ये गेले. आरशात तोंड दिसलं. हसत होतं.

३० ऑगस्ट, रवि.

महालक्ष्म्या यंदा आमच्याकडं.

आईंनी ठरवलं. सोवळ्याला पाणी, सोळा भाज्या, पुरणाचा स्वयंपाक, सवाष्णींचे पाय धुवायचे, गावात कशानं करणार? टँकरच्या पाण्यानं? इथं निदान नळ आहे, एक दिवसाआड का होईना. ह्यांनी फोन लावून दिला. आई बोलल्या. पलीकडून अक्का : "बरं. मी घिऊन येते."

लग्न होऊन आल्यापासून महालक्ष्म्या त्यांनी बसवल्यात. बाई वर्षभर शेतात राबते, पण त्या तीन दिवसांत घर असं सजवते की आजूबाजूच्या गावच्या बाया बघायला येतात. तेवढंच तिचं. मला तर साधं मखर धड बांधता येत नाही. सजवायचं सगळं कौशल्य दार लावून.

१९ सप्टें., शनि.

अक्का आल्या. एस.टी.त उभ्यानं, बसायला मिळालं ते वाटेत उशिरा. दोन्ही मुखवटे पोटाशी धरून. साड्या, दागिने गाठोड्यात. महालक्ष्म्यांपुढं दोन बाळं बसवतात आमच्याकडं, शाडूची, फार जुनी. ती डब्यात होती. गर्दीत डबा चेपला. एक बाळ फुटलं.

अक्का तुकडे पदरात घेऊन बसल्या होत्या. "अपशकुन झाला गं." आईंना अजून सांगितलेलं नाही. मी म्हटलं उद्या बाजारातून दुसरं आणू. हात किती खरबरीत झालेत त्यांचे.

२० सप्टें., रवि.

आज आवाहन. मी सकाळीच भाज्या, फुलं, केळीची पानं आणायला बाहेर. बाळ काही मिळालं नाही कुठं. आले तर बाराच्या पुढं.

दारातच थबकले.

माझा तारा. महालक्ष्म्यांच्या मागं, मधोमध, आत दिवा. लाल गोळे आंब्याच्या डहाळ्यांत बांधलेले, कैऱ्या लागाव्यात तसे. निळे उतरंडीवर. रुपेरी माळ मखराच्या कमानीला. सोनेरी घंटा. खाली कापसाचा बर्फ पसरून त्यावर हरळी, गाय, मेंढरं. आणि शाडूच्या बाळाशेजारी माझं बाळ. अंगात आंगडं, टोपडं. अक्कांनी सकाळी बसून हातानं शिवलेलं, जरीच्या काठाचं.

"मंजू, बघ तरी! माळ्यावर आरासीचं खोकं सापडलं. लक्ष्मीनंच धाडलं गं बाळ. जोडी पुरी झाली." घाम, हसू, तोंडभर.

आई म्हणाल्या, "अशी आरास जन्मात नाय पाहिली."

 भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगू, माझ्या वस्तू पहिल्यांदा उघड्यावर होत्या, पडदे न ओढता, आणि त्या इतक्या सुंदर दिसत होत्या की मला रडू आलं. अक्कांना वाटलं, भक्तीनं आलं.

२१ सप्टें., सोम.

पूजन. पुरणपोळ्या, सवाष्णी, सगळं यथास्थित झालं. संध्याकाळी हळदीकुंकू. बिल्डिंगमधल्या बाया, शाळेतल्या दोघी-तिघी. साळवेबाईंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी बोलावते, म्हणून याही वेळी बोलावलेलं. त्या कुंकू लावत नाहीत, फूल घेतात. आत आल्या, आरास पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि ओठ दाबून हसल्या. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

आणि वरच्या मजल्यावरच्या काकू, मोठ्यानं : "अय्या, हे तर सगळं ख्रिसमसचं आहे! हे बाळ म्हणजे तो येशू ना?"

 आईंनी हातातला कुंकवाचा करंडा खाली ठेवला.

आई अक्कांना : "कुठून आणलंस गं हे?"

अक्का : "माळ्यावर व्हतं..."

"कुणाचं?"

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मला एक शब्द बोलायचा होता. 'माझं.'

मी म्हणाले, "ते साळवेबाईंचं आहे. त्यांच्याकडं रंगकाम चाललंय, म्हणून ठेवायला दिलेलं. अक्कांना माहीत नव्हतं."

किती सफाईदार. एकही शब्द अडखळला नाही. शाळेच्या नावानं सराव झालाच होता.

साळवेबाईंनी हातातलं फूल पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाल्या, "हो. माझंच आहे. चुकून झालं, मावशी. आमच्याकडं पण ते देवाचंच बाळ आहे."

 आईंनी बाळ तेव्हाच उचलायला लावलं. अक्कांनीच उचललं. दोन्ही हातांनी.

२२ सप्टें., मंगळ.

विसर्जन. महालक्ष्म्या हलवल्या. आईंचं बोलणं झालं अक्कांशी, माझ्यासमोर. "न विचारता हात लावलास. दुसऱ्याच्या देवाचं आपल्या देवापुढं मांडलंस. आता मुखवटे हितंच ऱ्हातील. पुढच्या साली मंजू बघंल आरास-बिरास. तू नुसतं दर्शनाला यायचं."

अक्का : "व्हय, आत्याबाई."

मी पाण्याचं पिंप भरत होते. भरून वाहायला लागलं तरी नळ बंद केला नाही. आई ओरडल्या तेव्हा केला.

हे कामावरून आल्यावर म्हणाले, "वहिनींनी पण नं, जरा विचारायचं की." मी हो म्हटलं. हो म्हटलं मी!

संध्याकाळी साळवेबाई खोकं न्यायला आल्या. खोकं रिक्षात ठेवलं. मग : "मंजिरी, माझ्याकडं माझंच सामान ठेवायला जागा नाही. तरी नेते. पण मला परत असं बोलायला लावू नकोस."

माझा सगळा नाताळ रिक्षातून गेला. आणि मला कशाचं जास्त वाईट वाटलं, अक्कांचं की त्या खोक्याचं, हे मी इथं लिहिणार नाही.

२३ सप्टें.

अक्का सकाळच्या गाडीनं गेल्या. येताना पोटाशी दोन मुखवटे होते. जाताना रिकामी पिशवी तशीच पोटाशी धरलेली, सवयीनं. निघताना माझी ओटी भरली. हिरवा खण. काठाला मोर.

१८ ऑक्टो., रवि.

परतीचा पाऊसही हुलकावणी देऊन गेला. आई फोनवर मामेबहिणीशी : "थोरलीनं बाटवलं ना यंदा. मग कशाचा पाऊस." मी स्वयंपाकघरात. कणीक मळत होते, मळतच राहिले.

म्हणजे आता दुष्काळसुद्धा अक्कांच्या डोक्यावर.

आज सांगायचंच असं ठरवून बाहेर आले. आईंनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "चहा टाकू?"

१३ नोव्हें., शुक्र. भाऊबीज

थोरले भाऊजी आईंना भेटायला एकटेच आले. अक्का का नाही आल्या? "तिचं आपलं बरं नाय." मग, "ती म्हणती, तिकडं आता माझं काय काम."

काय काम. बरोबर आहे. तिचं काम मी खाल्लं.

शाळेत साळवेबाई नेहमीसारख्या. डबा एकत्र. फक्त खोक्याबद्दल त्या बोलत नाहीत, मीही नाही. त्यांच्या डब्यातली चटणी घेताना पूर्वी विचारायचे नाही. आता विचारते.

१३ डिसें., रवि.

औरंगपुरा. चाचांनी लांबूनच : "मॅडम! नवा माल आया! इस्कूल का नहीं लेना क्या?"

मी : "इस्कूल में बंद कर दिया, चाचा."

"अरे! बच्चे रोएंगे."

लाल गोळ्यांची लड दारात टांगली होती. उन्हात. मी चालत राहिले. वळून पाहिलं नाही असं लिहिणार होते. पाहिलं. दोनदा.

२३ डिसें., बुध.

अक्का आल्यात. डोळ्यांच्या तपासणीसाठी, चार दिवस. मोतीबिंदू म्हणतात. आईंशी बोलतात, हसतात, भाकरी थापतात. देवघराकडं मात्र जात नाहीत. मुखवटे तिथं लाल कापडात बांधून ठेवलेत.

साळवेबाईंनी परवाचं बोलावणं दिलंय. "जाऊबाईंनाही घेऊन ये," म्हणाल्या. शब्द सहज, नजर नाही.

२५ डिसें., शुक्र.

घाईत लिहितेय. आई खाली भजनाला गेल्यात, येतीलच.

दुपारी छावणीत. अक्का यायला तयार झाल्या हेच नवल. वाटेत रिक्षात म्हणाल्या, "माफी मागायची ऱ्हायली व्हती त्या बाईची. त्यांचं सामान न विचारता घेतलं." मी बाहेर बघत बसले.

साळवेबाईंचं घर लहान. कोपऱ्यात त्यांचं झाड, त्यांचा साधा कागदी तारा. आणि खिडकीखाली टेबलावर वेगळं मांडलेलं, माझं. सगळं. लाल, निळे, घंटा, कापसाचा बर्फ. मधे गव्हाणीत बाळ. आंगडं-टोपडं अजून अंगात. अक्कांनी शिवलेलं. साळवेबाईंनी काढलंच नव्हतं.

अक्का त्याच्यापुढं खाली बसल्या. मांडी घालून, देवापुढं बसतात तशा. बोटानं टोपडं सारखं केलं. साळवेबाई "चहा आणते" म्हणून आत गेल्या, आणि लवकर बाहेर आल्या नाहीत.

"अक्का," मी म्हटलं, "हे साळवेबाईंचं नाही."

"म्हाईत हाय."

"माझं आहे."

"म्हाईत हाय, मंजू. खोकं सोडलं तव्हाच कळलं. समदं माझ्याच खणात बांधलेलं. दर साली तुझ्या ओटीत घालते ते. म्या म्हटलं, बघ, नुसते टाकून नाय दिले. जिवापाड जपायच्या वस्तूला लावले. बरं वाटलं मला."

बरं वाटलं.

"मग त्या दिवशी बोलल्या का नाहीत? आई एवढं बोलत होत्या."

अक्का बाळाकडंच बघत होत्या. "तू बोलशील म्हणून थांबले. आज रिक्षात बी त्याचसाठी माफीचं काढलं. पुढं वाटलं, आता बोललीच नाय तर आपण कशाला."

त्यांना राग असता तर बरं झालं असतं. मी तिथं रडले, घळाघळा, नाक पुसत. साळवेबाईंनी येऊन चहाचा कप हातात कोंबला. "थंड होईल." आणि निघताना खोकं आणून दारात ठेवलं. "ने आता. माझं व्हायला लागलंय ते."

रिक्षात अक्कांनी ते मांडीवर घेतलं. मी घेते म्हटलं तर दिलं नाही.

घरी आलो. खोकं दिवाणावर ठेवून अक्कांनी झाकण उघडलं. बाळ वरच होतं. विचारलं, "माळ्यावर टाकू का? आत्याबाई येतीलच आता."

मी म्हटलं, "नको. इथंच राहू दे."

 अक्का लसूण घेऊन दारासमोरच खाली बसल्यात, सोलतायत. मी इथं टेबलाशी.  वाक्य ठरवून ठेवलंय, छोटं आहे, तरी सारखं विसरतेय.

जिन्यात आईंची काठी. पहिला मजला झाला.

अक्का म्हणतायत, "मंजू, दार उघड. माझे हात लसणाचे हायेत."